स्मोल्ट्झची धास्ती आता पुरे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावर बेसबॉलविषयी क्वचितच काही येतं, त्यामुळे इथल्या डेट्रॉइट टायगर्स या संघावरचं टिपण आवडीने वाचलं. पण जुलै २०२५ मध्ये टायगर्सनी मायनर लीगमधली (मुख्य संघाखालच्या, तयारीच्या संघांतली) आपली सर्वांत गुणी पोरं मोठ्या खेळाडूच्या बदल्यात कुणालाच दिली नाहीत, याचं त्यात केलेलं कौतुक मला अजिबात पटलेलं नाही.

इथे मिशिगनमध्ये ट्रेडचा, म्हणजे संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीचा, विषय निघाला की पहिलं नाव येतं जॉन स्मोल्ट्झचं. जवळच्याच लान्सिंगचा हा तरुण पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, ऑगस्ट १९८७ मध्ये टायगर्सनी अटलांटाच्या संघाला दिला आणि ३६ वर्षांचा पिचर डॉयल अलेक्झांडर आणला. स्मोल्ट्झ पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या यादीत, गेला. लोक इथेच थांबतात आणि पोरं द्यायला घाबरतात. अलेक्झांडर उरलेल्या हंगामात ९ सामने जिंकला आणि एकही हरला नाही (सामन्याची हार-जीत पिचरच्या नावावर लागते), हे कुणी सांगत नाही. टोरोंटोला मागे टाकून आपण विभाग, म्हणजे लीगमधला आपला गट, जिंकला तो अवघ्या दोन सामन्यांच्या फरकाने! स्मोल्ट्झ तेव्हा डबल-ए या मायनर लीगच्या पायरीवर ४ जिंकून १० हरलेला होता.

हंगामाच्या शेवटच्या रविवारी मी मिशिगन आणि ट्रम्बुलच्या नाक्यावरच्या जुन्या स्टेडियममध्ये होतो. नोकरीनिमित्त नुकताच इथे आलो होतो, नियमही धड कळत नव्हते. पुढ्यात लोखंडी खांब, त्यामुळे बॅटर दिसायचाच नाही, नुसता पिचर दिसायचा. आपल्या लॅरी हर्नडनच्या एका होमरनवर (मैदानाबाहेर मारलेल्या फटक्यावर) १-० ने जिंकलो. शेवटचा चेंडू आपला पिचर फ्रँक टनानाने स्वतःच अडवून पहिल्या बेसवर अलगद टाकला आणि बॅटर बाद झाला, तेवढं मात्र मला स्वच्छ दिसलं. पुढच्या फेरीत मिनेसोटाने आपल्याला हरवलं, अलेक्झांडरही दोन्हीदा मार खाऊन आला. तरीही तो सौदा योग्यच होता असं मी आजही म्हणतो.

आणि याच डेट्रॉइटने डिसेंबर २००७ मध्ये कॅमेरॉन मेबिन व अँड्र्यू मिलर ही नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत पहिल्या फेरीत निवडलेली पोरं, शिवाय आणखी चौघं फ्लोरिडाच्या संघाला देऊन बॅटर मिगेल काब्रेराला आणलं. २०१२ मध्ये त्याने ट्रिपल क्राउन (बॅटिंग सरासरी, होमरन आणि रन्स बॅटेड इन या तिन्हींत लीगमध्ये पहिला) मिळवला, जो १९६७ नंतर कुणालाच जमला नव्हता. २०२३ ला निवृत्त होईपर्यंत तो इथेच खेळला. त्या सहा जणांची आठवण डेट्रॉइटमध्ये कोण काढतं?

पोरं कुणासाठीही द्यावीत असं माझं म्हणणं नाही. २०१४ च्या डिसेंबरात तरुण बॅटर युहेनियो सुआरेझला देऊन अल्फ्रेडो सायमन हा मध्यम वकुबाचा पिचर घेतला. तो एकच हंगाम इथे टिकला. असा व्यवहार नकोच. पण समोरचा माणूस अव्वल असेल आणि आपला संघ दारापर्यंत पोहोचला असेल, तर हात आखडता घेऊ नये.

२०२५ मध्ये आपण दारातच होतो. १० ऑक्टोबरला प्लेऑफच्या निर्णायक सामन्यात सिएटलमध्ये आपला पिचर तारिक स्कूबलने सहा इनिंगमध्ये १३ जणांना स्ट्राइकआउट केलं, म्हणजे फटका मारू न देता बाद केलं, आणि तरी आपण १५व्या इनिंगमध्ये ३-२ ने हरलो. सिएटलची पहिली धाव काढली जॉश नेलरने, स्कूबलच्या डोळ्यांदेखत तिसरा बेस चोरून, म्हणजे फटक्याची वाट न पाहता तिथवर धावत जाऊन. त्याला त्यांनी जुलैतच ॲरिझोनाकडून आणलं होतं, पाठोपाठ त्याच सुआरेझलाही. आपण मात्र एकही असा बॅटर आणला नाही.

आता स्कूबललाच विकून पोरं घ्या, असंही काही जण म्हणताहेत. सलग दोन वर्षं साय यंग, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार, मिळवणाऱ्या पिचरच्या बाबतीत असं कुणाला सुचतं तरी कसं, याचा मला मनापासून राग येतो. त्याचा करार २०२६ नंतर संपेल, तोवर त्याच्या मागे चांगला बॅटर उभा करा. आपल्या गुणी पोरांपैकी केव्हिन मॅकगोनिगलला हात लावू नये, त्याची चेंडूवरची नजर फार पक्की आहे. पण बदल्यात दुसरं गुणी पोर, मॅक्स क्लार्क, मागितलं, तर त्याला द्यावं.

आपला,
एक जुना वाचक, फार्मिंग्टन हिल्स, मिशिगन