दार वाजवून थांबणाऱ्या ताईंना

ताई,

"त्यात काय एवढं?" म्हणाल, माहीत आहे. तरी लिहितेय.

तुमच्या शुश्रूषा संस्थेतल्या आईच्या खोलीचं दार तुम्ही वाजवता आणि थांबता. वाजवून आत शिरणारे पुष्कळ पाहिले, थांबणाऱ्या तुम्हीच. स्मृतिभ्रंशात प्रश्न पोचायला वेळ लागतो, शब्द सापडायला आणखी. मग कधी "ये गं" येतं, कधी ठणकावून "नंतर या!" आणि तुम्ही खरंच परत जाता, थोड्या वेळाने पुन्हा दार वाजवता. अंघोळीला उशीर होतो, एवढंच.

आधीच्या संस्थेत दोघीजणी आपसात बोलत आत यायच्या आणि थेट पांघरूण ओढायच्या. आई ओरडली, हात उगारला, की नोंद व्हायची: 'पेशंट आक्रमक'. अनोळखी माणसं न विचारता अंगावरचे कपडे काढायला लागली तर कोण गप्प बसेल? त्यावर उपाय म्हणजे गोळी. 'शांत राहतील', एवढंच आम्हाला सांगितलं. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये अशा अँटिसायकोटिक, म्हणजे तीव्र मनोविकारांवरच्या, औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००५ सालीच दिलेला होता. तो आम्हाला कुणी सांगितला नाही. आई शांत राहिली खरी. खुर्चीत, मान टाकून.

नवी जागा शोधताना नेदरलँड्समधल्या होगेवेक या स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या वस्तीबद्दल वाचलं होतं. छोटी घरं, प्रत्येकात मोजकीच माणसं, आवारातच दुकान आणि नाट्यगृह, कर्मचारी साध्या कपड्यांत. हेवा वाटला. तुमच्याकडे नाट्यगृह नाही. पण गणवेशही नाही, आणि संडासाचं दार वेगळ्या रंगाचं आहे, त्यामुळे आई रात्री न विचारता जाऊन येते. हे बाहेरच्यांना किरकोळ वाटेल. वाटू दे.

माणूस नुसत्या मेंदूच्या आजाराने खचत नाही, भोवतालच्यांच्या वागण्यानेही खचतो, असं ब्रिटिश अभ्यासक टॉम किटवूड मांडत. मला हे वाचून कळलं. तुमच्या हाताला ते आधीच ठाऊक होतं.

आई बरी होणार नाही. संध्याकाळी अजूनही चप्पल शोधते, घरी जायचंय म्हणते, कधी तुमच्यावरही खेकसते. गोळी मात्र डॉक्टरांनी हळूहळू कमी करून बंद केली.

एक विनंती, निव्वळ स्वार्थाची: बढती मिळाली तरी ऑफिसात बसू नका. निदान नव्या मुलींना दारापाशी थांबायला शिकवल्याशिवाय तरी नको.

तुमची,
आईची धाकटी