तक्रार जळगावात, लवाद चेन्नईत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला ग्राहक हक्कांवरचा लेख वाचला. कंपनी देशात कुठलीही असो, ग्राहकाने आपल्याच जिल्ह्यात दाद मागावी, असं त्यात छातीठोकपणे लिहिलं आहे. लेखकमहाशयांचं वाचन दांडगं दिसतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम ३४ त्यांनी बरोबर सांगितलं, घरबसल्या तक्रार करायचं ई-जागृती पोर्टल सांगितलं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही हेही सांगितलं. तक्रार दाखल झाल्यावर काय होतं, तेवढंच नेमकं राहून गेलं. ते मी सांगतो.

माझ्या पुतण्याने केळी वाहायला मालवाहू टेम्पो घेतला. कर्ज चेन्नईच्या एका फायनान्स कंपनीचं, जामीनदार मी. शेवटचा हप्ता भरून झाला तरी एनओसी, म्हणजे कर्ज फिटल्याचा ना-हरकत दाखला, मिळेना. फॉर्म ३५ वर कंपनीचा सही-शिक्का नसेल तर आरसीवरचा (गाडीच्या नोंदणीवरचा) कर्जाचा बोजा उतरत नाही, आणि बोजा असलेली गाडी घ्यायला कोणी येत नाही. विचारलं तर उत्तर मिळालं, "व्हिजिट चार्जेस बाकी आहेत." म्हणजे वसुलीवाले आमच्या ओट्यावर येऊन बसले, वहिनीने त्यांना पाणी दिलं, त्याचे पैसेही आम्हीच द्यायचे! वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचे नाहीत, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बजावलं आहे. रात्री आलेल्या फोनवर मी हे सांगितलं, तर पलीकडचा चक्क हसला.

मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. कंपनीच्या वकिलाने लगेच करारनाम्याचं पान पुढे सरकवलं. वाद झाल्यास लवाद, म्हणजे कोर्टाऐवजी खासगी पंच, आणि कोर्टं फक्त चेन्नईची! पान इंग्रजीत, ती ओळ मुंगीएवढ्या अक्षरांत. पुतण्याने या कागदांवर सह्या केल्या त्या शोरूममध्ये, उभ्याउभ्या, बोनेटवर गठ्ठा ठेवून. सेल्समन पानाचा फक्त खालचा कोपरा उचलायचा आणि म्हणायचा, इथे, इथे आणि इथे. कर्जदाराशी त्याला समजेल अशा भाषेत व्यवहार करा, असं रिझर्व्ह बँकच सांगते. असो. आमच्या वकिलांनी कलम ३४ वाचून दाखवलं. करारात लवादाची अट असली म्हणून ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हा सुप्रीम कोर्टाचा २०१८ चा निर्णयही दाखवला. त्यावर कंपनीने म्हणणं मांडायला मुदत मागून घेतली.

ती मुदत कशासाठी होती, ते नंतर कळलं. जाडजूड पाकीट घरी आलं, चेन्नईच्या लवादाची नोटीस. पुतण्याला एक, मला एक. हा लवाद नेमला कोणी? कंपनीनेच. वहिनी म्हणाल्या, "भाऊ, ते चेन्नई कोठे शे?" मी म्हटलं, नवजीवन एक्सप्रेस जळगावहून थेट जाते, वकील मात्र तिथे उतरल्यावर शोधायचा.

एका बाजूने असा परस्पर नेमलेला लवाद चालत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगून टाकलं आहे. पण निवाडा झालाच तर तो रद्द करून घ्यायचा अर्ज चेन्नईतच करायचा. लवाद कायद्यातही ते कलम ३४ च! एक ३४ आम्हाला जळगावात बसवतं, दुसरं चेन्नईला धाडतं. कंपनीला असली यातायात नाही. चेन्नईचा निवाडा घेऊन ती जप्तीसाठी थेट आमच्या जिल्ह्यातल्या कोर्टात येऊ शकते. आम्ही जिंकलो तर? आयोगाचा हुकूम न पाळणाऱ्याला कलम ७२ खाली कैद आहे, मान्य. पण चेन्नईचे साहेब इथे हजर होईपर्यंत टेम्पो भंगारात गेलेला असेल.

नोटिशीत आणखी एक धमकी आहे. कर्ज देताना घेतलेले कोरे चेक अजून त्यांच्याकडेच आहेत, ते भरून बँकेत टाकायची. चेक न वटल्याचा खटला चेक देणाऱ्याची बँक शाखा जिथे असेल तिथेच चालवा, असं सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये म्हटलं होतं. तो निकाल महाराष्ट्रातल्याच प्रकरणातला. फायनान्स कंपन्यांची पंचाईत झाली, आणि २०१५ मध्ये सरकारने कायदाच बदलला. आता चेक घेणाऱ्याचं खातं ज्या शाखेत, तिथे खटला. कर्जदारासाठी एवढी तत्परता कधी दाखवली गेली असेल, तर लेखकमहाशयांनी जरूर कळवावं.

म्हणून विनंती अशी, की पुन्हा असा लेख छापाल तेव्हा त्यात एवढं घाला : आयोगात तक्रार केली म्हणून लवादाची नोटीस टोपलीत टाकू नका. मुदतीत लेखी हरकत पाठवा आणि पोच जपून ठेवा. आमच्या गावात अशा नोटिशा पुष्कळ घरांत आल्या आहेत. कोणी उघडतसुद्धा नाही. आणि त्याच पानावर 'पाच मिनिटांत कर्ज' अशी पाव पानाची जाहिरात लावू नका, एवढी मेहेरबानी करा.

जाता जाता पोचेवरून आठवलं. माझी सगळी नोकरी पोस्टात गेली. आमच्या घराला नंबर नाही, नुसतं 'पाण्याच्या टाकीजवळ' लिहिलं तरी कंपनीचं पाकीट बिनचूक येतं. आम्ही कंपनीच्या छापील पत्त्यावर पाठवलेली नोटीस मात्र 'लेफ्ट', म्हणजे पत्ता सोडून गेले, असा शेरा मारून परत आली. त्यात २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात मिसळून टाकलं. गरीब माणसाची स्वस्तातली खात्रीची पोच गेली, आणि आपल्या पेपरात त्यावर दोन ओळी आल्या त्या आतल्या पानावर, राशिभविष्याच्या खाली.

आपला,
एक निवृत्त पोस्टमन
ता. रावेर, जि. जळगाव