बळी गेलेलीची ओळख पंचनाम्यापुरतीच का?

महोदय,

सत्य गुन्ह्यांवरील चित्रपट आणि वेब मालिकांची सध्या चलती आहे. परभणी जिल्ह्यातील वाचकांना हा विषय परका नाही. १९७२ ते १९७४ या काळात मानवतमध्ये गुप्तधन आणि अपत्यप्राप्तीच्या लालसेतून मुली व स्त्रियांचे जे खून झाले, त्यांवर १९८१ मध्ये ‘आक्रीत’ हा चित्रपट निघाला आणि २०२४ मध्ये ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका आली. मालिकेला तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या पुस्तकाचा आधार आहे. तेव्हा कथा तपासाच्या वाटेने जाणार हे ओघानेच आले आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझा आक्षेप या साऱ्या कथाप्रकाराच्या सवयीवर आहे. पोलिसाला स्वभाव मिळतो, आरोपीला पूर्वायुष्य मिळते, मांत्रिकालासुद्धा लकबी मिळतात. जिचा जीव गेला ती मात्र एकदा किंचाळते आणि पंचनाम्यात संपते. बहात्तरच्या दुष्काळात तिच्या घरची चूल कशी चालत होती, ती परतली नाही तेव्हा आईने आधी कोणाचे दार ठोठावले, तिच्या गरिबीमुळे शोध लांबला का, या प्रश्नांत नाट्य कमी नाही. उलट असे बळी कोणत्या घरांतून निवडले जातात, हे त्यांतूनच उमगते.

निर्माते न्यायालयीन नोंदींकडे बोट दाखवतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये ऑटो शंकर प्रकरणात (तमिळनाडूतील फाशीच्या कैद्याच्या आत्मचरित्राच्या प्रकाशनावरून झालेल्या खटल्यात) सार्वजनिक नोंदींवर आधारित लेखनाला मोकळीक दिली हे खरे. परंतु लैंगिक अत्याचार, अपहरण अशा गुन्ह्यांतील पीडित स्त्रीचे नाव आणि प्रसंग प्रसिद्ध करून तिची पुन्हा अप्रतिष्ठा होऊ नये, हा अपवादही त्याच निकालात आहे. केवळ नाव बदलल्याने हे साधत नाही. गाव, वर्ष आणि घटना तीच ठेवली, तर लहान गावात पन्नास वर्षांनंतरही लोक नेमके घर दाखवतात. (‘सत्य घटनेवर आधारित’ आणि ‘सर्व पात्रे काल्पनिक’ ही दोन्ही वाक्ये एकाच पडद्यावर कशी नांदतात, हे निर्मात्यांनाच ठाऊक.)

निदान प्रदर्शनापूर्वी संबंधित कुटुंबांना कल्पना द्यावी आणि कोणते प्रसंग रचलेले आहेत, हे आरंभीच सांगावे. आपल्या परीक्षणांतही अभिनय आणि छायाचित्रणाबरोबर बळी गेलेल्या व्यक्तीच्या चित्रणाविषयी चार ओळी असाव्यात, ही विनंती.

– एक वाचक, सेलू (जि. परभणी)