मेनूकार्डावर गावांची नावे यावीत

मा. संपादक,

स. न. वि. वि.

पणजी, आसगाव, शिवोली या भागांत जुन्या घरांचे रूप पालटून सुरू झालेल्या देखण्या उपाहारगृहांविषयी आपल्या दैनिकाच्या पुरवणीत वरचेवर सचित्र मजकूर येतो आणि तो मी आस्थेने वाचतो. त्यात घराच्या बाल्कांवाचे (दारापुढच्या बैठकीच्या ओट्याचे), जमिनीवरच्या नक्षीदार फरशीचे आणि नव्या कॉकटेलचे वर्णन असते. ताटातला तांदूळ कोणत्या गावचा, मिरची कोणत्या डोंगराच्या उतारावरची आणि नुस्ते (मासे) कोणत्या बंदरावरचे, याचा मात्र उल्लेख सहसा नसतो. याचा दोष मी लेखकांना देत नाही, कारण उपाहारगृहाच्या मेनूकार्डावरच ती माहिती नसते. ती छापली जावी, एवढी एकच मागणी मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

ही उपाहारगृहे आली हे चांगले झाले, असे माझे मत आहे. १८४३ साली पणजी राजधानी झाली आणि त्यानंतर गजबजत गेलेल्या फोंताइन्हस, सां तोमे, मळा या भागांतील कित्येक घरे पुढे वारसांच्या वादात किंवा मालक परदेशी गेल्यामुळे वर्षानुवर्षे कुलूपबंद राहिली. मंगळुरी कौले वेळेवर चाळली नाहीत तर पाणी आत शिरून वासे कुजतात, आणि शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या दुरुस्त करणारे सुतार आता शोधावे लागतात. असे घर उभे ठेवायचे तर त्याला उत्पन्न हवे, आणि ते उत्पन्न या व्यवसायाने दिले. रात्री दहानंतरच्या आवाजाचा आणि वाहने कुठे लावायची याचा त्रास रहिवाशांना होतो हे खरे आहे, परंतु त्याविषयी आपल्या स्तंभात इतरांनी सविस्तर लिहिले असल्याने मी त्यात शिरत नाही.

माझी तक्रार ताटाविषयी आहे. राजधानीतल्या एका नावाजलेल्या उपाहारगृहात ‘गोवन फिश करी’ या नावाखाली मला बासा मासा वाढण्यात आला. बासा हा प्रामुख्याने व्हिएतनाममध्ये तळ्यांत पाळला जाणारा आणि गोठवून निर्यात होणारा मासा आहे. त्याचे तुकडे काटे काढलेले असतात आणि तो बाराही महिने मिळतो, म्हणून स्वयंपाकघराला तो सोयीचा पडतो. ही सोय मी समजू शकतो. परंतु हुमण, म्हणजे माशांची नारळाच्या वाटणातली आमटी, म्हटले की त्यात बांगडा आहे, इसवण (सुरमई) आहे की सुंगटे (कोळंबी) आहेत, हे आपल्याकडे सर्वांत आधी विचारले जाते, कारण माशाप्रमाणे वाटण बदलते, आंबट बदलते, तेफळे (तिरफळे) घालायची की नाही हेही त्यावरच ठरते. माशाचे नाव न सांगता दिलेल्या हुमणाला गोव्याचे नाव देण्याचा अधिकार कोणाला कसा मिळतो, हा प्रश्न मला प्रामाणिकपणे पडतो.

पावसाळ्यात ही उणीव अधिक ठळक होते. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. ही बंदी माशांच्या विणीच्या काळासाठी आहे, हे किनाऱ्यावरचे शाळकरी मूलही सांगेल. या दिवसांत गोमंतकीय घरांतले जेवण पूर्णपणे बदलते. मे महिन्यातच पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची, तयारी होते. खारे बांगडे, सुकी सुंगटे, गालमो (बारीक सुका जवळा), सोले, कोकमे, मीठ, मिरची घरात येऊन पडते. नदीतले आणि खाडीतले नुस्ते, तिसऱ्या, शिणाण्या हे शिंपले यांना भाव येतो. पहिल्या सरीनंतर तायकिळा उगवतो, मग तेरे, लुती, आकूर अशा रानभाज्या येतात, आणि पणजीच्या बाजाराबाहेर पदपथावर बसणाऱ्या बायका त्यांच्या जुड्या बांधून विकतात. किसमूर, अळसांद्यांचे तोणाक, तेफळे घातलेले खतखते, घोटांचे सासव हे त्या दिवसांचे जेवण आहे. हळदीच्या पानांतल्या पातोळ्या हिंदू घरांत गणेश चवथीला होतात आणि ख्रिस्ती घरांत १५ ऑगस्टच्या सायबिणीच्या (मेरीमातेच्या) सणाला होतात, इतका या स्वयंपाकाचा धागा दोन्हीकडे सारखा आहे. एवढी समृद्धी उपाहारगृहाच्या दारापासून चार पावलांवर विकली जात असताना आत मात्र जानेवारीत असलेले मेनूकार्ड जुलैतही तसेच असते, आणि इसवणाचा तुकडा कुठून तरी बर्फातून येतो.

ऋतू आणि गाव यांवर स्वयंपाक उभा करणे ही काही जुन्या माणसाची हौस नव्हे. मोठ्या शहरांतील नामवंत आचाऱ्यांनी ही वाट केव्हाच धरली आहे. कोपनहेगनमध्ये २००४ साली उत्तर युरोपातील बारा आचाऱ्यांनी एकत्र येऊन आपल्या हवेत, मातीत आणि पाण्यात जे पिकते ते त्या त्या ऋतूत शिजवण्याचा जाहीरनामा काढला आणि जगभरच्या उपाहारगृहांवर त्याचा परिणाम झाला. मुंबईत २०१५ साली सुरू झालेल्या ‘द बॉम्बे कॅन्टीन’ने हंगामी देशी भाज्या आणि धान्ये यांवर भर दिला, त्यामागे मुंबईत जन्मलेले, मूळ गोमंतकीय कुटुंबातले आणि न्यूयॉर्कमध्ये नाव कमावलेले दिवंगत आचारी फ्लॉइड कार्डोझ होते. त्याच मंडळींनी २०१७ साली वांद्रे-कुर्ला संकुलात गोव्याच्या जेवणाचे ‘ओ पेद्रो’ सुरू केले. मुंबईच्या कार्यालयीन वस्तीत हे चालू शकते, तर मांडवीच्या काठावर ते अवघड का असावे?

ते चालते, याचा पुरावा आपल्याकडेच आहे. काजूची बोंडे चिरडून काढलेला रस आंबवून भाटीवर (दारूच्या भट्टीवर) चढवला की पहिल्यांदा हुर्राक निघतो आणि पुढच्या ऊर्ध्वपातनात फेणी तयार होते. ही फेणी पूर्वी मोठ्या हॉटेलांच्या बारमध्ये क्वचितच दिसे. २००९ साली काजूफेणीला भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाच्या मालाला मिळणारी कायदेशीर ओळख, मिळाले, २०१६ साली राज्य सरकारने तिला वारसा पेय म्हणून मान्यता दिली, आणि आज पणजीतले तरुण बार-व्यावसायिक फेणी कोणत्या गावच्या भाटीची आहे हे गिऱ्हाइकाला अभिमानाने सांगतात. हुर्राक तर जेमतेम उन्हाळ्यापुरता मिळतो, तरी तो मिळत नाही म्हणून कोणी रुसून जात नाही. उलट त्याच्या हंगामाची वाट पाहिली जाते. जे ग्लासाच्या बाबतीत घडले ते ताटाच्या बाबतीत घडायला हवे.

काजूफेणीनंतर गोव्यातील खोला मिरची, हरमल मिरची, मयड्याची केळी, खाजे, मानकुराद आंबा, बेबिंका, आगशीची वांगी, सात शिरांची भेंडी यांनाही मानांकन मिळाले आहे. मी नोकरीची बरीच वर्षे काणकोणात शिक्षक म्हणून काढली, त्यामुळे त्याच तालुक्यातल्या खोला गावच्या मिरचीविषयी थोडे अधिकाराने लिहितो. ही मिरची डोंगराच्या उतारावर, निव्वळ पावसाच्या पाण्यावर घेतली जाते. उतारावर यंत्र चालत नाही. लावणी, खुरपणी, तोडणी, वाळवणी ही सारी कामे हाताने आणि बहुतांशी बायकांच्या हातून होतात. तिचा रंग गडद आणि तिखटपणा सौम्य असल्याने हुमणाला जो तांबडा रंग येतो तो दुसऱ्या मिरचीने तसा येत नाही. ती ब्याडगीपेक्षा कितीतरी महाग पडते, हे मान्य आहे. पण जिथे एका ताटाचे बिल एखाद्या कुटुंबाच्या आठवड्याच्या बाजाराइतके होते, तिथे काही ग्रॅम मिरचीचा वाढीव खर्च बसत नाही, हे म्हणणे मला पटत नाही.

आचारी मंडळींची एक अडचण मात्र खरी आहे. स्थानिक माल थोडा असतो, अनियमित येतो, आणि आज दहा किलो देणारा शेतकरी पुढच्या आठवड्यात दोनच किलो देतो. गोव्यात खपणाऱ्या भाजीचा मोठा वाटा बेळगावहून येतो, तोही याच कारणाने. म्हणून सगळेच गोव्याचे वापरा, असा हट्ट मी धरत नाही. जे बाहेरचे आहे ते बाहेरचे म्हणून लिहावे, जे इथले आहे त्याच्या गावाचे नाव लिहावे आणि जे संपले ते संपले असे सांगावे. पणजीतल्या कॅफे भोंसलेसारख्या साध्या ठिकाणी मिरची भजी संपली की संपली म्हणून सांगतात, आणि माणसे पातळ भाजीबरोबर पाव खाऊन समाधानाने उठतात.

हे बंधनकारक करणारा कायदा नाही. दहा किंवा अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांना पदार्थांतील उष्मांक मेनूकार्डावर छापण्याची सक्ती अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी केली आहे, पण मालाच्या उगमाविषयी तशी सक्ती नाही आणि ती असावी असेही मी म्हणत नाही. मात्र मानांकन मिळालेल्या मालाचे नाव खोटेपणाने वापरणे हा भौगोलिक चिन्हांच्या १९९९ च्या कायद्याखाली गुन्हा आहे. त्यामुळे दुसरीच मिरची वापरून ‘खोला’ असे छापण्याचा मोह कोणी करू नये. पर्यटन खात्याने पुढाकार घेऊन, ज्या उपाहारगृहाच्या मेनूकार्डावर उगमाची माहिती खरी आणि तपासता येण्याजोगी आहे त्यांची यादी आपल्या संकेतस्थळावर द्यावी. यासाठी फार मोठा खर्च येणार नाही.

खोला मिरचीची रोपे पावसाच्या तोंडावर तयार केली जातात. खरेदीचे बोलणे एप्रिल-मे महिन्यात झाले तर किती लावायची हे शेतकऱ्याला ठरवता येते. पीक निघाल्यावर आलेल्या गिऱ्हाइकाला उरलेसुरले तेवढेच मिळते. तेव्हा पणजी आणि बार्देशातील उपाहारगृहांच्या मालकांची व आचाऱ्यांची काणकोण, पेडणे आणि तिसवाडीतील शेतकऱ्यांशी येत्या उन्हाळ्यातच एक बैठक कृषी खात्याने घडवून आणावी, आणि आपल्या दैनिकाने या मागणीचा पाठपुरावा करावा, अशी विनंती करतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक,
मळा, पणजी