मार्कर ऑपरेटरच्या हातात द्या

संपादक महोदय,

लांबलेल्या मीटिंगांवरचा रविवार पुरवणीतला लेख वाचला. त्यात सगळा रोख मीटिंग किती वेळ चालते यावर आहे. भोसरीतल्या एका लहान कारखान्यात मी क्वालिटीचं काम बघते. आमची मीटिंग शिफ्ट बदलताना, उभ्याउभ्या, दहा मिनिटांचीच असते; तरी तिच्यातून बरेचदा काही निष्पन्न होत नसे. कारण बोलणारा प्रत्येक जण डोळ्यांपुढे वेगळंच काहीतरी ठेवून बोलत असतो.

मध्यंतरी टर्निंगचा एक जॉब (लेथवर कातायचा सुटा भाग) सारखा रिजेक्ट होत होता. फेसला रनआउट यायचा (फिरताना पृष्ठभाग डुलायचा), तोही सगळ्या नगांना नाही. फर्स्ट शिफ्ट म्हणे, सेकंडवाल्यांनी ऑफसेट (टूलचं सेटिंग) बदलला. सेकंडवाले म्हणत, कास्टिंगच (ओतीव माल) खराब आलंय. मेंटेनन्सचं एकच, स्पिंडल (जॉब फिरवणारा दांडा) ठणठणीत आहे! शेवटी एरवी तोंड न उघडणाऱ्या एका ऑपरेटरनं (ओडिशाचा आहे, मराठी समजतं पण बोलायला बिचकतो) जॉबकार्डाच्या पाठीवर पेन्सिलीनं चक (मशीनचा जॉब पकडणारा भाग) काढला. त्याचे तीन जॉ (जबडे), त्यात धरलेला जॉब, वर कूलंटचा (थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) पाइप. मग जॉब जिथे टेकतो त्या फटीत त्यानं चार ठिपके दिले आणि पाइपच्या तोंडापासून एक बाण ओढून फटीच्या अलीकडेच थांबवला. कूलंट तिथवर पोचतच नव्हता, चिप्स (धातूचा कीस) धुतल्या जात नव्हत्या आणि त्यांच्यावर जॉब तिरका बसत होता. पाइप वळवला, नवा जॉब लावण्याआधी एअरगननं हवा मारायचं ठरलं. रनआउट गेला.

कारखान्यांना असं चित्र काढून दोष शोधणं नवं आहे असंही नाही. जपानमध्ये १९६२ साली क्वालिटी सर्कल (कामातले दोष शोधून सोडवणारे कामगारांचे छोटे गट) सुरू झाली. गुणवत्तातज्ज्ञ काओरू इशिकावा यांची, दोषाची कारणं मांडणारी माशाच्या काट्याची आकृती या सर्कलांमुळे कामगारांच्या हातात गेली. आपल्याकडे १९८० साली भेल (BHEL) या सरकारी कंपनीच्या हैदराबादच्या कारखान्यात पहिलं सर्कल निघालं. माशाचं डोकं म्हणजे दोष. काटे म्हणजे माणूस, मशीन, माल आणि पद्धत. आता मी पाहिलेल्या बऱ्याच ठिकाणी हा मासा इंजिनिअर संगणकावर रंगीत काढतो, तोही ऑडिटच्या आदल्या दिवशी. मग लॅमिनेशन होऊन तो भिंतीवर चढतो. मशीन चालवणाऱ्याचा त्याला हातही लागलेला नसतो.

शिवाय सुबक चित्र खोडायला कुणी धजत नाही. वेड्यावाकड्या चित्रावर मात्र दुसरा लगेच म्हणतो, "तसं नाही, पाइप इकडून येतो," आणि मार्कर ओढून घेतो. आमचं अर्धं काम आता या ओढाओढीत होतं. त्यासाठी बोर्ड मशीनजवळ हवा. वरच्या एसी खोलीत टीव्हीशेजारी टांगलेल्या बोर्डावर तेलकट हातानं लिहायला कोण जाणार?

साहेबांची हरकत एवढीच होती, की असलं चित्र ऑडिटला कसं दाखवायचं. ते जॉबकार्ड आम्ही रिजेक्शन रिपोर्टला स्टेपल करून ठेवलं होतं. ऑडिटरनं ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, यावर तारीख आणि सही का नाही? तेव्हापासून दोन्ही घालतो.

– क्वालिटी विभागातील एक वाचक, भोसरी
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)