वही दाखव, पण देऊ नकोस

प्रिय आई, बाबा,

फोनवरच बोलले असते, पण फोनवर आई "हो गं, हो गं" करून विषय बदलते आणि बाबा मागून टीव्हीचा आवाज वाढवतात, म्हणून लिहितेय. आधी सांगूनच टाकते. एक तारखेपासून स्वयंपाकाला एक ताई येणार आहेत, दोन्ही वेळ. त्यांच्याशी बोलणं झालंय, पैसे मी देणार, आणि हो, तुम्हाला न विचारता ठरवलंय. रागवा, पण पूर्ण वाचून झाल्यावर.

आई, तुझ्या हाताच्या चवीचा काही प्रश्न नाहीये. त्या रविवारच्या दुधाच्या पातेल्याचाही नाही, पातेली माझीही जळतात. मला खटकलं ते वेगळंच. मागच्या वेळी आले तेव्हा रात्री तू बाबांना नीट वाढलंस आणि स्वतः ओट्यापाशी उभ्या उभ्या चहात दोन बिस्किटं बुडवून खाल्लीस. विचारलं तर म्हणालीस, दुपारी जास्त झालं. दुपारी विचारलं होतं तेव्हा म्हणाली होतीस, सकाळी जास्त झालं. मग रिपोर्टमध्ये व्हिटॅमिन बी १२ कमी येणार नाही तर काय होणार? त्यात ती अ‍ॅसिडिटीची गोळी, किती वर्षं घेतेयस देव जाणे. अन्नातलं बी १२ सुटायला पोटातलं अ‍ॅसिड लागतं आणि ती गोळी नेमकं तेच कमी करते. बाबा, हसू नका, तुमची शुगरची मेटफॉर्मिनसुद्धा वर्षानुवर्षं घेतली की बी १२ खाली आणते, तुमचं रक्त न्यायला शनिवारी माणूस येतोय.

तू परवा म्हणालीस ना, "हे विसरणं आमच्या रक्तातच आहे गं, आई शेवटी मलासुद्धा ओळखत नव्हती." ते काही डोक्यातून जाईना, म्हणून रात्र रात्र वाचत बसले. रक्तातलं अगदीच खोटं नाही. एपीओई ४ नावाचा जनुकाचा प्रकार असतो, त्याने अल्झायमरचा धोका वाढतो. पण तो असूनही शेवटपर्यंत ठणठणीत राहिलेली माणसं आहेत आणि तो नसूनही विसरलेली आहेत.

तुझी पाककृतींची वही आठव. शाईने सगळं लिहिलेलं आणि कडेला पेन्सिलीच्या खुणा, बरोबर म्हणजे करायचं, फुली म्हणजे बाबांनी तोंड वाकडं केलं होतं. शाई तीच राहते, पण घरात काय शिजणार ते पेन्सिल ठरवते. आपल्या पेशीतही तसंच चालतं. डीएनए ही शाई, आणि त्यावर मिथाइल नावाचे बारके ठिपके बसतात, ज्या जनुकावर बसतात ते बहुतेक वेळा गप्प होतं. याला एपिजेनेटिक्स म्हणतात. आणि या ठिपक्यांना लागणारा माल ताटातून येतो, पालेभाजी-कडधान्यातलं फोलेट, दूध-अंडी-माशातलं बी १२. ते कमी पडलं की रक्तात होमोसिस्टीन नावाचं एक द्रव्य साचतं, आणि ज्या म्हाताऱ्या माणसांत (सॉरी, ज्येष्ठ) ते जास्त असतं त्यांच्यात डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, जास्त दिसतो.

नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे भयंकर उपासमार झाली. तेव्हा पोटात नुकती रुजलेली बाळं साठीची झाल्यावर तपासली, तर वाढीशी संबंधित एका जनुकावर त्यांचे ठिपके त्यांच्याच भावंडांपेक्षा कमी निघाले. साठ वर्षं टिकलेली पेन्सिल! ते वाचताना मला तूच दिसलीस, माझ्या वेळी पोटात काही टिकत नव्हतं तरी माझ्यासाठी म्हणून चार घास ढकलणारी. तेव्हा दुसऱ्यासाठी खाल्लंस ना, आता स्वतःसाठी खा.

ऑक्सफर्डमध्ये सत्तरीपुढच्या, थोडं थोडं विसरायला लागलेल्या लोकांना दोन वर्षं फोलेटची गोळी म्हणजे फोलिक अ‍ॅसिड, बी ६ आणि बी १२ दिलं. २०१० मध्ये १६८ जणांचे मेंदूचे स्कॅन मांडले, तर नुसत्या नकली गोळ्या घेतलेल्यांपेक्षा मेंदू आक्रसण्याचा वेग सरासरी ३० टक्क्यांनी कमी होता, आणि ज्यांचं होमोसिस्टीन जास्त त्यांना फायदाही जास्त. पण उगाच आशा लावत नाही मी. २०२३ मध्ये ६०४ जणांवर मेंदूसाठीच्या खास आहाराची तीन वर्षांची तपासणी आली आणि दुसऱ्या गटापेक्षा, जे नेहमीचंच पण जरा कमी खात होते, म्हणावा तसा फरक नव्हता. त्यामुळे बाबा, "हे खा आणि स्मृतिभ्रंश पळवा" छापाचे फॉरवर्ड बंद. जे कमी आहे ते भरून काढायचं, एवढंच आपल्या हातात आहे.

आणि मनाने फोलिकच्या गोळ्या आणून खाऊ नका, बी १२ कमी असताना नुसतं फोलिक घेतलं तर रक्त सुधारलेलं दिसतं आणि आत नसा बिघडत राहतात. कानाचं मशीन ड्रॉवरमध्ये नाही, कानात. २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकाच्या तज्ज्ञांनी १४ गोष्टी सांगितल्या, त्या सांभाळल्या तर जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टळू शकतो किंवा लांबू शकतो, त्यात ऐकू कमी येणं आहे, बीपी आहे, शुगर आहे, एकटं पडणंसुद्धा आहे. संध्याकाळी दोघांनी चालायला जायचं, बरोबर जायचं, बाबा वीस पावलं पुढे नकोत.

आई, बी १२ चं इंजेक्शन चुकवू नकोस. पहिल्या दोन-चारनीच सगळं आठवायला लागेल असं नाही, पण कमतरतेमुळे झालेलं विसरणं सुधारू शकतं असं डॉक्टर म्हणालेत, मी दोनदा विचारलं. बाबा, ती ताटावर बसल्याशिवाय तुम्ही पहिला घास घ्यायचा नाही, हे तुमचं काम.

स्वयंपाकघर तुझंच आहे. ताई फक्त चिरतील, शिजवतील, भांडी आवरतील, चव तूच बघायची. वही त्यांना दाखव, पण देऊ नकोस. त्यात त्या पातळ भाजीच्या पानावर एक मोठी फुली आहे बघ, ती तुझी नाही, सातवीत मी चिडून मारली होती. ती खोडून टाक, मी येईन तेव्हा तीच कर.

तुमची,
मी