मराठी फाइल बिघडते ती जुन्या फॉन्टमुळे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ग्रामपंचायतींचे ठराव, सोसायट्यांचे अहवाल, महाविद्यालयांची वार्षिके असे बरेच मराठी लेखन मराठवाड्यात अजूनही कृतीदेव, श्रीलिपी, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप होते. उदगीरच्या डीटीपी सेंटरवर विंडोजमध्ये केलेली फाइल नांदेडला लिनक्सवर किंवा मॅकवर उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे दिसतात. यात विंडोजचा दोष नाही आणि लिनक्सचाही नाही. अशा फाइलीत साठलेली असतात ती इंग्रजी अक्षरेच, त्यांना मराठी आकार देतो तो फॉन्ट. दुसऱ्या संगणकावर तो नसला की आकार जातो.

ओळखायची रीत सोपी आहे. एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करावा. मराठी टिकली तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत आहे. जुन्या फॉन्टमधल्या मजकुराची पीडीएफ करून पाठवणे हा अर्धाच उपाय. कागद नीट दिसतो, पण त्यात एखादे नाव शोधता येत नाही.

रेमिंग्टनची, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या कळफलकाची सवय आहे म्हणून युनिकोड नको, असे टाइप करणारे सांगतात. पण कळफलकाची मांडणी वेगळी आणि अक्षरे साठवण्याची पद्धत वेगळी. युनिकोडमध्येही रेमिंग्टन मांडणीचे कळफलक मिळतात. खरी अडचण पेजमेकर या पानांची मांडणी करायच्या जुन्या सॉफ्टवेअरची आहे, त्याला युनिकोड कळत नाही. इनडिझाइन या त्याच कामाच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये काम होते, मात्र परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडावा लागतो, नाहीतर वेलांट्या आणि जोडाक्षरे विस्कटतात.

जुन्या फाइली कन्व्हर्टरने, म्हणजे जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये आणणाऱ्या प्रोग्रॅमने बदलता येतात, पण मुद्रितशोधन टाळू नये. कृतीदेवसारख्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराआधी आणि रफार अक्षरानंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये दोन्ही उलट. म्हणून ‘आर्थिक’, ‘वार्षिक’, ‘स्थिती’ असे शब्द आधी तपासावेत. ‘शेतकऱ्यांना’चे ‘शेतकर्यांना’ होणे तर नेहमीचेच, आणि आपल्याकडच्या कागदांत हा शब्द पानोपानी असतो. इन्स्क्रिप्ट या युनिकोडच्या कळफलकावर शिफ्टसह जे, मग डी, मग ‘य’ची कळ असे दाबले की ‘ऱ्य’ बरोबर उमटते. काही कन्व्हर्टर तिथे साधा र आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण ‘फाइंड’ला तो शब्द सापडत नाही. सगळीकडचे असे शब्द एकदाच ‘रिप्लेस’ने बरोबर करून घ्यावेत.

युनिकोड असूनही पाने पुढेमागे सरकतात. वर्डमध्ये मंगल हा युनिकोड फॉन्ट वापरला आणि लिनक्सवर मंगल नसला की तिथले लिब्रेऑफिस हे वर्डसारखे सॉफ्टवेअर दुसरा फॉन्ट लावते, अक्षरांची रुंदी बदलते आणि तक्ता पुढच्या पानावर जातो. नोटो सॅन्स देवनागरी किंवा मुक्त हे फुकट मिळणारे फॉन्ट दोन्हीकडे बसवावेत. ते शक्य नसेल तर वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, सेव्ह येथे ‘एम्बेड फॉन्ट्स’वर खूण करावी. लिब्रेऑफिसमध्ये हीच सोय फाइल, प्रॉपर्टीज, फॉन्ट येथे आहे.

एक्सेलमधल्या लाभार्थी याद्यांबाबत विशेष सावध राहावे. यादी साध्या ‘सीएसव्ही’ (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) प्रकारात सेव्ह केली की मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे साठतात आणि त्या फाइलीतून ती नावे पुन्हा काढता येत नाहीत. युनिकोड साठवणारा ‘सीएसव्ही यूटीएफ-8’ हाच प्रकार निवडावा. दुसऱ्याने पाठवलेली सीएसव्ही डबल क्लिक करून उघडू नये. डेटा, फ्रॉम टेक्स्ट येथून आणून ‘65001 यूटीएफ-8’ निवडावे.

पेनड्राइव्ह एक्सफॅट या विंडोज आणि मॅक दोन्हींना चालणाऱ्या साठवण-प्रकारात फॉरमॅट केलेला असावा. एनटीएफएस हा विंडोजचा प्रकार असला तर मॅक त्यातले वाचतो, पण त्यावर लिहीत नाही. फॉरमॅट करताना आतले सगळे पुसले जाते, तेव्हा आधी प्रत काढावी. फाइलीच्या नावात प्रश्नचिन्ह, अपूर्णविराम किंवा तारांकन घालू नये, विंडोज ते स्वीकारत नाही.

छपाईचे काम देताना संस्थांनी कोटेशनमध्येच दोन अटी लिहाव्यात: मजकूर युनिकोडमध्ये हवा आणि पीडीएफसोबत मूळ फाइलही मिळावी.

आपला,
एक संगणक प्रशिक्षक, परभणी